मलेरियाचा कोर्स पूर्ण, तरी किटवर पुन्हा पी.एफ.ची (फाल्सिपॅरम मलेरियाची) रेघ. स्लाइड (सूक्ष्मदर्शकाखालची रक्ततपासणी) मात्र निगेटिव्ह. खरं कोणाचं?

नागपूरकरीण:
नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ भामरागड तालुक्यात शिक्षक आहे. गेल्या महिन्यात थंडी वाजून ताप आला, आशाताईंनी बोटातलं रक्त किटवर टाकलं, पी.एफ.ची रेघ आली. तीन दिवस एसीटी (मलेरियाच्या मिश्र औषधाच्या गोळ्या) आणि सोबत प्रायमाक्विन, सगळं आशाताईंनी समोर उभं राहून गिळायला लावलं. ताप उतरला, शाळा सुरू झाली.

आता साधारण तीन आठवड्यांनी परत ताप. या वेळी सर्दी-खोकला आहे. किटवर पुन्हा पी.एफ., पण रेघ फिकट. व्हायव्हॅक्सची (मलेरियाच्या दुसऱ्या प्रकाराची) रेघ नाही. आरोग्य केंद्रातली स्लाइड निगेटिव्ह. एक खाजगी डॉक्टर म्हणतात औषध लागू पडलं नाही, इंजेक्शनं घ्या. केंद्रातले तंत्रज्ञ म्हणतात जंतूच नाहीत तर इंजेक्शन कशाला. कोणाचं ऐकू?

काचपट्टी:
मी लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. बॉक्सवर 'एचआरपी-२' छापलंय का ते भावाला बघायला सांगा. आपल्याकडच्या दुहेरी किटमध्ये पी.एफ.ची रेघ बहुधा याच प्रथिनावर उमटते. फाल्सिपॅरमचे जंतू ते रक्तात सोडतात आणि जंतू मेले तरी ते कित्येक आठवडे रक्तात राहतं. त्यामुळे उपचारानंतरच्या महिन्याभरात ही रेघ आली, तर तेवढ्यावरून औषध फसलं असं म्हणता येत नाही. औषध लागू पडलं का, हे स्लाइडवरच बघायचं असतं. पीएलडीएच या दुसऱ्या प्रथिनावर चालणाऱ्या किटचं वेगळं, ते प्रथिन जिवंत जंतूच बनवतात, म्हणून ती रेघ लवकर जाते.

पण एका निगेटिव्ह स्लाइडवर थांबू नका. ताप असेपर्यंत १२ ते २४ तासांनी परत घ्यायला लावा, जाड थेंबाचीही. डेंग्यू, स्क्रब टायफस यांचाही विचार डॉक्टरांनी करायला हवा. बरळणं, सतत उलट्या, लघवी काळपट असं काही दिसलं तर स्लाइडची वाट न बघता थेट रुग्णालयात.

रानवारा:
उलट बाजूही सांगतो. किट निगेटिव्ह आलं तरी मलेरिया असू शकतो. मायक्रोलिटरमागे २०० जंतू असले तर चांगलं किट सहसा पकडतं, त्याखाली हुकायला लागतं. शिवाय फाल्सिपॅरमच्या काही जंतूंमध्ये हे प्रथिन बनवणारं जनुकच नसतं. हे आधी पेरूमध्ये, २०१० साली समोर आलं. पुढे इरिट्रियात इतके रुग्ण निसटू लागले की २०१६ मध्ये त्यांनी एचआरपी-२ वरचे किट सोडून दिले. आणि आपल्याकडे पत्र्याच्या खोलीत उन्हाळाभर पडलेले बॉक्स! त्यांच्यावर माझा भरवसा नाही.

नागपूरकरीण:
दोघांचेही आभार. बॉक्सवर एचआरपी-२ च आहे. दुसरी स्लाइड उद्या सकाळी, तोवर इंजेक्शन थांबवलंय, केंद्रातल्या डॉक्टरांशीही बोलले. एक राहिलंच. शाळेतल्या एका मास्तरांनी तेच किट तासाभराने पाहिलं आणि व्हायव्हॅक्सचीही पुसट रेघ दिसतेय म्हणाले. ती धरायची का?

काचपट्टी:
नाही. पाकिटातल्या कागदावर जी वेळ दिलीय, बहुधा १५ ते २० मिनिटं, तेव्हाच वाचायचं. नंतर उमटलेली रेघ हिशेबात नाही. मास्तरांना सांगा, किट फेकायच्या डब्यात टाका. शंका असेल तर उद्याच्या स्लाइडवर व्हायव्हॅक्ससुद्धा नीट बघायला सांगा.