आश्रमशाळेत सिकलसेल तपासणी: थंडीत बोटातून रक्त येत नाही, पोट्टे रडतात

लॅब_धानोरा
सकाळच्या पाळीत बोटं गारठलेली असतात. एका टोचणीत थेंब येत नाही, दाबलं की रडारड. सोल्युबिलिटी (सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची झटपट चाळणी तपासणी) पॉझिटिव्ह आलेल्यांचं २ मिली रक्त इलेक्ट्रोफोरेसिससाठी (पक्क्या निदानाची तपासणी) शिरेतून घ्यायचं असतं, तेही कधी कधी हिमोलाइज होतं, म्हणजे रक्तपेशी फुटतात. काय बदलावं?

चपटी_लॅन्सेट_नको
आधी हात गरम करा. ३-४ मिनिटं कोमट पाण्यात ठेवून पूर्ण कोरडे पुसायचे, मग हात छातीच्या खाली लोंबता ठेवायचा. अर्धं काम इथंच होतं.

मधलं किंवा अनामिका घ्या. करंगळीत हाड फार जवळ असतं. टोचायचं ते पेराच्या गादीला, मधोमध नाही अन् टोकालाही नाही, जरा बाजूला. स्पिरिट सुकेपर्यंत ३० सेकंद थांबा. ओल्यावर टोचलं तर झोंबतं अन् थेंब गोल न धरता पसरतो. चपटी पत्र्याची लॅन्सेट (बोट टोचायचं पातं) सोडा. पोरगं हात ओढतं, जखम उथळ राहते, म्हणून दुसऱ्यांदा टोचावं लागतं. स्प्रिंगवाली दाबून धरून सोडली की खोली ठरलेली मिळते.

पहिला थेंब कोरड्या कापसानं पुसा. बोट पिळू नका, ऊतींतलं पाणी मिसळून हिमोग्लोबिन खोटं कमी दिसतं. अन् हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर सोल्युबिलिटी खोटी निगेटिव्ह येऊ शकते, तिथं रक्ताचं प्रमाण दुप्पट घेऊन पुन्हा लावा. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही तपासणी लावूच नका.

बटरफ्लाय_२३
शिरेचं सांगतो भाऊ. २३ नंबरची बटरफ्लाय (पंखवाली, नळी जोडलेली बारीक सुई), २ मिलीची सिरिंज. पट्टा कोपराच्या चार बोटं वर, मिनिटाच्या आत सोडायचा. पिस्टन सावकाश ओढा. जोरात ओढला की बारीक शीर चिकटते, रक्तपेशी फुटतात. तुमचं हिमोलिसिस बहुतेक इथलंच आहे. दुसरं कारण म्हणजे सुईतूनच ट्यूबमध्ये जोरात ढकलणं. सिरिंज नळीपासून सोडवा, जांभळ्या बुचाच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) ट्यूबच्या भिंतीवरून रक्त हळू उतरवा, ८-१० वेळा उलटी-सुलटी करा. जोरात हलवायची नाही, घुसळायची तर मुळीच नाही.

वॉर्ड_सिस्टर
बधिर करायच्या क्रीमला तासभर लागतो, कॅम्पात ते जमत नाही. टोचताना पोराला खोकायला सांगा, फरक पडतो. "काहीच दुखत नाही" म्हणू नका, "मुंगी चावल्यासारखं होईल" म्हणा. अन् रांगेतल्यांना टोचणी दिसू देऊ नका, एक पडदा लावा.

लॅब_धानोरा
पाणी तापवायची सोय नसली तर हात चुलीवर शेकवले तर?

चपटी_लॅन्सेट_नको
नको. गारठलेल्या बोटाला चटका कळत नाही. काखेत हात धरायला लावा, पाच मिनिटं.

बटरफ्लाय_२३
नमुने पाठवताना ट्यूब बर्फाला टेकू देऊ नका, मध्ये कागद गुंडाळा. गोठलं की सगळं हिमोलाइज.