आखातातल्या रोजच्या गैरसोयींवर मनन कसं बांधावं?

करामाकर
सर्वांना सलाम. चर्चच्या आवारात आमचा छोटा मराठी गट शुक्रवारी संध्याकाळी जमतो. नर्स, ड्रायव्हर, ऑफिसवाले. बरेचसे बेडस्पेसमध्ये, म्हणजे सामायिक खोलीतला एक पलंग भाड्यानं घेऊन राहणारे. या उन्हाळ्यात दहा-दहा मिनिटांची मननं रोजच्या त्रासांवर घ्यायची म्हणते आहे: नळाचं कढत पाणी, जेवण, "परत कधी?" हा प्रश्न. पण विषय कुठलाही घेतला तरी गाडी "धीर धरा, प्रभू पाहतो आहे" इथंच येऊन अडते. शास्त्रपाठ आणि मांडणी सुचवाल का?

दिवा_आणि_तेल
ताई, पाण्यापासून सुरुवात करा. जुलैत गच्चीवरची टाकी तापते, गार पाण्याचा नळ भाजतो; मग गीझर बंद ठेवायचा आणि एसीत निवलेलं त्यातलं पाणी गरम नळातून घ्यायचं. हे तिथं सगळ्यांना पाठ आहे, वर्णनात दोन वाक्यांपेक्षा जास्त घालवू नका.

इथं हटकून प्रकटीकरण ३:१५-१६ आठवतं, लावदिकीया शहराचं कोमट पाणी. ते घेऊ नका. जवळच्या हियरापलीसचे झरे ऊन, कलस्सैचं पाणी गार, दोन्ही कामाची; निरुपयोगी ते कोमट. आपल्या कढत नळाशी हे जुळत नाही, आणि ओढूनताणून आणलेलं वचन ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

त्यापेक्षा असं पाहा: पन्नास लिटरचा गीझर, पहिल्यानं मनसोक्त आंघोळ केली की आत टाकीचं तापलेलं पाणी शिरतं आणि तिसऱ्याला भाजतं. आता १ करिंथ ११:२०-३४ वाचा. प्रभूच्या भोजनाला एक उपाशी, दुसरा पिऊन झिंगलेला, आणि ३३ व्या वचनात पौलाचा साधा हुकूम: एकमेकांसाठी थांबा. दोन मिनिटं प्रसंग, चार मिनिटं पाठ, दोन मिनिटं अर्थ, उरलेल्या वेळात एकच काम: माणशी किती बादल्या आणि पहिला नंबर कोणाचा, हे त्याच आठवड्यात ठरवणं.

कोरा_चहा
जेवणासाठी गणना ११. काकडी, खरबूज, कांदे, लसूण, सगळी यादी ५ व्या वचनात आहे. "कुरकुर करू नका" एवढंच सांगून थांबलात तर पुन्हा तुमची तीच गाडी. दोन गोष्टी सुटतात. एक, मिसरातून सुटून रानात आलेले इस्राएली लोक म्हणतात "मिसरात फुकट खात होतो". वेठबिगारी साफ विसरले! गावाकडच्या आठवणीही अशाच चाळून येतात, हे गटात हसत हसत निघू द्या. दुसरी, त्याच अध्यायात मोशेही कुरकुरतो: हे ओझं मला एकट्याला पेलत नाही (वचन १४). देव त्याला गप्प करत नाही, सत्तर वडील नेमायला सांगतो. तेव्हा विचारायचं ते हे, की खोलीत स्वयंपाकाचं ओझं कोण एकटा वाहतोय.

बाबेलचा_मळा
"परत कधी?" साठी यिर्मया २९ घेणारच असाल, तर फ्रिजवर चिकटवलेलं ११ वं वचन शेवटी ठेवा. आधी अध्याय २८. खोटा संदेष्टा हनन्या सांगतो, बाबेलला बंदिवान करून नेलेली माणसं, वस्तू, दोन वर्षांत सगळं परत येईल. लोकांना हेच ऐकायचं होतं. यिर्मयाचा आकडा सत्तर. म्हणजे ऐकणाऱ्यांतले कित्येक परतणारच नव्हते, आणि त्यांनाच पत्र जातं: घरं बांधा, मळे लावा, त्या नगराचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा.

दोन वर्षांचा व्हिसा आणि "बस, आणखी दोन वर्षं" म्हणणारी माणसं समोर बसलेली असताना हा पाठ समजावून सांगावा लागत नाही. फक्त "म्हणून कायम इथंच राहा" असा अर्थ काढू नका. पत्र बंदिवानांना होतं, नोकरीसाठी स्वखुशीनं आलेल्यांना नव्हे. हा फरक बोलून दाखवा.

वसईकर
एक कुंपण आधीच घालून घ्या. उकाडा, खाणं, गर्दी या गैरसोयी. पगार थकवणं आणि मालकानं पासपोर्ट ठेवून घेणं हा अन्याय. त्यावर सहनशीलतेचं मनन करू नये. तिथं बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकातलं २४:१४-१५, परक्याचीही मजुरी सूर्य मावळण्याआधी द्या, आणि याकोब ५:४. असं कोणी गटात बोललं तर प्रार्थनेसोबत रस्ताही सांगा: यूएईत मनुष्यबळ मंत्रालयाकडे (MOHRE) तक्रार, दुबईतला भारतीय वाणिज्य दूतावास, परराष्ट्र खात्याचं 'मदद' पोर्टल. कराराची प्रत आणि बँकेची नोंद आधी फोनमध्ये ठेवा. मत्तय २० मधले मजूर "दिवसभराचा भार आणि ऊन सोसलं" म्हणतात, तो दाखला मात्र इथं लावू नका. तो धनी ठरलेली मजुरी त्याच संध्याकाळी देतो.

करामाकर
आभार. पहिल्या शुक्रवारी हनन्या घेते. रात्रपाळीच्या नर्स सातलाच उठून जातात, त्यांच्यासाठी छोटं काही?

दिवा_आणि_तेल
स्तोत्र १३४. तीनच वचनं, रात्री परमेश्वराच्या घरात सेवेला उभे राहणाऱ्यांसाठी. त्या निघण्याआधी सगळ्यांनी मिळून म्हणा, पाठ मागून सुरू करा.