पिन बदलायची घाई करू नका

दादा, नवा रेकॉर्ड प्लेयर वडिलांच्या जुन्या अँप्लिफायरच्या 'ऑक्स'ला (बाहेरचं यंत्र जोडायच्या साध्या सॉकेटला) जोडला आणि आवाज बारीक, किरकिरा, बास जवळजवळ नाहीच, असं तुम्ही लिहिलंय. वर एकांनी पिन (रेकॉर्डवर टेकणारी सुई) बदलायला सांगितलं, ते मला पटत नाही. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (पिन बसवलेला, तिच्या हालचालीतून वीज काढणारा भाग) जेमतेम ५ मिलिव्होल्ट निघतात, ऑक्सला काहीशे लागतात. शिवाय रेकॉर्ड कापतानाच बास कमी, ट्रेबल जास्त ठेवतात. आवाज वाढवून ते पूर्ववत करतो तो फोनो प्रीअँप, म्हणजे रेकॉर्ड प्लेयरसाठीचा छोटा अँप्लिफायर. प्लेयरच्या मागे 'फोनो-लाइन' असं छोटं बटण आहे का बघा. ऑक्सला जोडायचं तर 'लाइन', म्हणजे प्लेयरमधला प्रीअँप चालू. अँप्लिफायरला फोनोचं सॉकेट असेल तर त्यात जोडून 'फोनो', कारण तिथे प्रीअँप आतच असतो. दोन्हीकडचे प्रीअँप एकदम लावले की आवाज फाटतो. बटण फिरवताना व्हॉल्यूम शून्यावर ठेवा.

आमच्या भुसावळच्या घरी वेगळाच त्रास होता, सतत 'हूं'. अर्थिंगची बारीक वायर लावलेली होती, पण अँप्लिफायरच्या मागचा स्क्रू हिरवा पडलेला. पॉलिश पेपरने घासला, वायर पुन्हा घट्ट केली, गुणगुण तिथेच थांबली. खान्देशातल्या धुळीत वर्षानुवर्षं बंद पडलेल्या अँप्लिफायरची सॉकेटंही कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसून घ्याच. वडिलांची वस्तू आहे, भंगारात देऊ नका.