नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातून दोन दिवस सायकलने: मार्ग, टायर आणि वाइनची बाटली

ठाणे_पेडल
फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवार-रविवारी आम्ही दोघं नाशिकला सायकली घेऊन येतोय. हायब्रिड सायकली, ७०० × ३८ टायर (३८ मिमी रुंद), डिस्क ब्रेक, मागे कॅरियर. रोज ४० ते ६० किमी जमतं. गंगापूर धरणाकडच्या वाइनरी आणि दिंडोरीचा भाग दोन्ही पाहायचंय. मार्ग कसा आखावा? सायकली ट्रेनने आणाव्यात का? आणि टेस्टिंग (वाइन चाखणं) करून लगेच सायकल चालवणं कितपत बरोबर?

गोदाकाठ
शनिवार गंगापूर रोडला द्या, पण पहाटे. साडेसहाला शहरातून निघालात की सोमेश्वर, गोवर्धन, गंगापूर गाव करत आधी सरळ गिरणारेपर्यंत जा. रस्ता हलक्या चढउतारांचा आहे. परतताना सावरगाव रस्त्याला वळा. सुला, यॉर्क, सोमा या वाइनरी सगळ्या त्याच बाजूला, एकमेकींपासून थोड्या अंतरावर. जाऊन-येऊन सुमारे ४० किमी. क्रम उलटा केलात तर टेस्टिंगनंतर भर उन्हात चढ येतो. शिवाय शनिवारी दुपारनंतर या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि सायकलला कडेला जागाच उरत नाही. अकराच्या आत वाइनरीत पोहोचा.

रविवारी म्हसरूळमार्गे दिंडोरी, साधारण २५ किमी. येताना मुख्य रस्ता सोडून मोहाडी, जानोरी, आडगाव असं या. एकूण ५५ ते ६० किमी होतील. मोहाडीकडे बहुतेक खायच्या द्राक्षांच्या बागा आहेत, वाय आकाराच्या मांडवावर पसरलेल्या. वाइनच्या द्राक्षांच्या वेली बहुधा उभ्या तारांवर सरळ वाढवलेल्या असतात. दोन दिवसांत हा फरक नीट पाहून घ्या. फेब्रुवारीत दोन्हीकडे काढणी चालू असते. वळणावर क्रेट भरलेला ट्रॅक्टर किंवा पिकअप समोर येणारच, तिथे वेग कमी ठेवा.

बागेत ब्लोअर (औषध फवारणारं यंत्र) चालू दिसला तर वाऱ्याची दिशा बघून थांबा, फवारा खाली बसू द्या. रस्त्यालगतचा घड तोडून खाऊ नका. शेतकऱ्याचं नुकसान तर आहेच, शिवाय फवारणीनंतर किती दिवस झालेत हे बाहेरून कळत नाही.

चेन_आणि_गिअर
ट्रेनबद्दल. सायकल लगेज व्हॅनमध्ये टाकायची तर पार्सल ऑफिसात आधी बुक करावी लागते. अडचण परतीला येते: नाशिकरोडला गाडी काही मिनिटंच थांबते, आणि व्हॅन भरलेली असेल तर सायकल मागे राहते, तुम्ही पुढे जाता. रविवारी रात्री घरी पोहोचायचंच असेल तर गाडीला रॅक लावून आणा, नाहीतर सायकल बॅगेत भरा.

बॅगेत भरताना पुढचं चाक काढल्यावर ब्रेक पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठा घाला. चाक नसताना चुकून लिव्हर दाबला गेला तर हायड्रॉलिक ब्रेकचे पॅड एकमेकांना चिकटतात आणि रोटर (चाकावरची ब्रेकची चकती) आत जात नाही. सायकल आडवी ठेवायची तर चेनची बाजू वर. खाली राहिली तर डिरेल्युअरचा (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा) हँगर वाकतो, मग चढावर गिअर उडत राहतात.

पंक्चर इथे बाभळीच्या काट्याने होतं, किंवा बागेतल्या बांधणीच्या तारेच्या तुकड्याने. हवा हळूहळू जाते. नुसती ट्यूब बदललीत तर दोन किमीवर पुन्हा बसाल, कारण काटा टायरमध्येच असतो. टायरच्या आतून कापडाचा बोळा फिरवा. कापड अडकेल तिथे काटा, चिमट्याने काढा. माणशी दोन ट्यूब आणि पॅचचं पाकीट घ्या. व्हॉल्व्ह प्रेस्टा (बारीक, लांबट) असेल तर पितळी अडॅप्टर हवाच, गावातल्या दुकानात त्याशिवाय हवा भरता येत नाही. ३८च्या टायरला ७०-७५ किलोच्या माणसासाठी मागे ५० पीएसआय, पुढे ४५ पुरे.

अवकाळी पाऊस झाला तर बागांमधले कच्चे रस्ते विसरा. काळी माती टायरला थरावर थर चिकटते, मडगार्डमध्ये भरते आणि चाक फिरायचं थांबतं.

शिराझ_नाशिक
टेस्टिंगचा हिशोब सांगतो. पाच वाइन, प्रत्येकी ३० मिली, म्हणजे १५० मिली. १३ टक्क्यांच्या हिशोबाने त्यात सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल. शरीर तासाला साधारण ७-८ ग्रॅम जिरवतं, म्हणजे निदान दोन तास थांबायचं. रिकाम्या पोटी आणि घाम गाळून आल्यावर लवकर चढते. आधी अर्धा लिटर पाणी आणि जेवण, मग टेस्टिंग. तोंडात घोळवून थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते बिनधास्त वापरा. चव त्याने कमी कळत नाही. दोघांपैकी एकाने शनिवारी आणि दुसऱ्याने रविवारी घेतली तर उत्तम.

दिंडोरीकडे जाण्याआधी फोन करा, प्रत्येक वाइनरी पाहुण्यांसाठी रोज उघडी असेलच असं नाही.

ठाणे_पेडल
खूप आभार. गाडीचा रॅकच ठरवला. एक-दोन बाटल्या कॅरियरवरून आणल्या तर चालतील का?

शिराझ_नाशिक
एक चालेल, स्पार्कलिंग (बुडबुड्यांची वाइन) नको. तिच्यात दाब असतो, त्यात खड्ड्यांचे धक्के आणि ऊन. साध्या वाइनची भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास भरते. जाड मोज्यात घालून ती पॅनिअरच्या (कॅरियरच्या बाजूला लटकवायच्या पिशवीच्या) तळाशी, चाकाच्या बाजूला, कपड्यांत घट्ट बसवा. वर बांधलीत तर वळणावर सायकल डुलते. उन्हात तापली की वाइनचा ताजेपणा जातो आणि कॉर्क वर सरकू शकतं, म्हणून खरेदी शेवटच्या थांब्यावरच करा. रविवारी गाडीत ठेवतानाही डिकीत नको, मागच्या सीटखाली सावलीत ठेवा.