पायथॉन एडिटर: मराठी सेव्ह होईना, प्रिंट निघेना

कसबापेठकर: आईच्या भिशीच्या नोंदींसाठी टीकेइंटरमध्ये (पायथॉनची खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) छोटा एडिटर लिहितोय, विंडोजवर. इंग्रजी नीट सेव्ह होतं. 'शिल्लक' लिहिलं की युनिकोडएन्कोडएरर (अक्षर साठवता येत नाही असा एरर), वर फाइल रिकामी! आणि प्रिंट कसं द्यायचं?

कोथरूडचा काका: फाइल ओपन करताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, 'यूटीएफ-८' द्या. नाहीतर विंडोजचं जुनं कोडपेज (अक्षरांचा ठरावीक तक्ता) वापरलं जातं, त्यात देवनागरी नाही. रिकामी का? 'डब्ल्यू' (लिहायच्या) मोडमध्ये फाइल उघडताक्षणीच पुसली जाते, एरर नंतर येतो. म्हणून आधी तात्पुरत्या फाइलीत लिहा, मग ओएस.रिप्लेसने ती मूळ फाइलीच्या जागी ठेवा. भिशीचा हिशोब आहे, बायका सोडणार नाहीत!

मुळाकाठ: टीकेइंटरमध्ये प्रिंटची सोयच नाही. सेव्ह करून पायथॉनच्या ओएस.स्टार्टफाइल फंक्शनला फाइलीचा पाथ आणि 'प्रिंट' द्या. पुढचं सहसा नोटपॅड बघतो.

कसबापेठकर: सेव्ह जमलं, काका. प्रिंटर शेजाऱ्यांचा आहे, चारनंतरच बेल वाजवता येते.