अनुभव धागा: ‘किमान दोन व्यक्ती’ – थाई हॉटेलातला सेट मेन्यू तुम्ही कुणाबरोबर वाटून खाल्लात?

चाफेकळी
स्वयंपाकघरातला सगळ्यात खालचा खण आवरत होते. जुनी बिलं, अर्ध्या मेणबत्त्या, रबरं, आणि तळाशी साउथ विम्बल्डनच्या आमच्या कोपऱ्यावरच्या थाई हॉटेलचं मेन्यूकार्ड. शेवटच्या पानावर सेट ए, सेट बी आणि व्हेजिटेरियन सेट. तिन्हींखाली बारीक अक्षरात एकच ओळ, किमान दोन व्यक्तींसाठी. व्हेजिटेरियनसमोर निळ्या बॉलपेनची खूण. ती आबांनी केलेली. खाली बसले ती तशीच बसून राहिले.

आबा म्हणजे माझे सासरे. २०११ च्या जुलैत आमच्याकडे आले होते. माळकरी. त्या वर्षी वारी चुकली म्हणून मनातून खट्टूच होते. ह्यांचा वाढदिवस आला, मुलांनी थाईचा हट्ट धरला. ह्यांना आणि मुलांना सेट बी, त्यात कोळंबी, चिकन सगळं. आबांसाठी व्हेज सेट सांगायला गेलो तर वाढणारी मुलगी म्हणाली, सॉरी, तो दोघांनाच मिळतो. आबा लगेच, ‘राहू दे, मला नुसता भात चालंल, दही असंल तर बघा.’

मी वेंगुर्ल्याची. माशाशिवाय दोन दिवस काढले की मला चुकल्यासारखं होतं, आणि त्या हॉटेलात जायचं ते कोळंबीसाठीच. पण आबा मेन्यूकार्ड मिटून हात मांडीवर ठेवून बसले ना, ते बघवेना. म्हटलं, ‘आबा, दुसरी मी. करा खूण.’

मग मालकीणबाई स्वतः आल्या. करीच्या वाटणात सुकी कोळंबी आंबवून केलेला गोळा असतो, भाजीत फिश सॉस असतो, हे त्यांनीच सांगितलं. मी गळ्यातल्या माळेकडे बोट केलं. त्या म्हणाल्या, ‘जे? जे?’ आणि आत गेल्या. अर्धा तास लागला, पण आमचं वाटण वेगळं झालं.

सगळं एकदमच आलं. पितळी स्टँड, खाली मिणमिणती मेणबत्ती, वर ताटल्या. गाजराचं कोरलेलं फूल. झाकणाच्या भांड्यात भात. आणि आबांनी सवयीने मोठा चमचा उचलला आणि उभे राहिले. पंगतीत वाढतात तसं आधी लेकरांना, मग ह्यांना, मग मला, शेवटी स्वतःला. इंग्लंडातल्या हॉटेलात, शेजारच्या टेबलांवरचे लोक बघतायत, आणि आबा म्हणतायत, ‘पोरी, सावकाश होऊ दे.’

मध्येच त्यांनी मान वर केली. ‘तुळशीचा वास येतोय.’ शेजारच्या टेबलावर चिकन होतं, त्यात. मी विचारलं तर मालकीणबाईंनी आतून कुंडीच उचलून आणली! आपली तुळस, खिडकीत वाढवलेली. आबांनी चपला काढून नमस्कार केला. त्यांना त्या चिकनचं काय वाटलं हे मी कधीच विचारलं नाही. निघताना मालकीणबाईंनी एक डहाळी हातात दिली, ती त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि घरी येऊन विठ्ठलाच्या फोटोपुढे.

आबा २०१४ ला गेले. तुम्ही कुणाची ‘दुसरी व्यक्ती’ झाला होतात का? किंवा तुमच्यासाठी कुणी? लिहा.

ताकपिठं
वाचता वाचता कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. नंतर लिहिते.

बँकॉकवासी
तुळशीचं सांगतो. इथे तिला ‘कप्राव’ म्हणतात, पद कप्राव म्हणजे तीच घालून परतलेलं. वनस्पती आपलीच. बाहेरच्या देशांत बरेचदा तिच्याऐवजी दुसरी पानं घालतात, जांभळ्या देठाची, बडीशेपेसारख्या वासाची. ती सब्जाच्या कुळातली. तुमच्या मालकीणबाईंनी कुंडी ठेवली होती म्हणजे बाई पक्की.

आणि ‘जे’ म्हणजे आपल्या कडक चातुर्मासासारखं. मांस-मासे नाहीतच, वर कांदा-लसूणही नाही. वर्षातून नऊ दिवस सगळीकडे पिवळे झेंडे लागतात, त्यावर लाल अक्षरात ते एकच अक्षर. फुकेतला मोठा उत्सव असतो. चांद्र महिन्यावर चालतं, त्यामुळे बहुतेक वर्षी आपल्या नवरात्रातच येतं. २०२४ मध्ये तसंच झालं. मी त्या नऊ दिवसांत सिलोमच्या मारिअम्मन देवळात जातो आणि बाहेर पडून पिवळ्या झेंड्याच्या गाडीवर जेवतो. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, म्हणजे तिथेही घट बसतात की.

बाकी इथे सेट मेन्यू वगैरे घरात कुणाला माहीत नाही. चार माणसं असली की चार-पाच पदार्थ मध्ये, भात प्रत्येकाला. एका वेळी एकाच पदार्थाचा एखादा चमचा भातावर घ्यायचा, ताट भरायचं नाही. उजव्या हातात चमचा, डाव्यात काटा, काट्याने चमच्यात ढकलायचं. काड्या फक्त नूडल्सला.

सिडनीकर_आई
आमच्याकडे त्याला बँक्वेट म्हणतात, आणि किमान चार माणसं! २००९ मध्ये नवीन होतो, दोघंच. हेमार्केटच्या थाई टाउनमध्ये शेजारच्या टेबलावर एक जोडपं होतं, त्यांनाही तोच हवा होता. वाढणाऱ्या मुलाने सरळ टेबलं जोडली. अजून ख्रिसमसला एकमेकांकडे जातो.

आता डबा भरायचाय, पळते.

मिरचीचा_देठ
सिडनीकर_आई, म्हणजे अनोळखी माणसांबरोबर एका ताटलीतलं? धन्य! माझ्या आईने ‘उष्टं’ म्हणून दारातूनच परत फिरवलं असतं.

सिडनीकर_आई
उष्टं कशाला होईल, वाढायचे चमचे वेगळे असतात ना. तोच तर मुद्दा.

निवांत_कोथरूड
आमच्या इथे गल्लीत थाई आलं तेव्हा आठ जण गेलो होतो ऑफिसचे. सेट चार-चारचे दोन. मिक्स स्टार्टरमध्ये प्रत्येक प्रकाराचे चारच नग, मोजून. एकाने दोन साटे (काडीला लावून भाजलेलं मांस) काढले आणि नंतर आलेल्या मुलीला काहीच नाही. ती काही बोलली नाही, नुसती कोशिंबीर खात बसली. पंधरा वर्षं झाली, त्या मुलीचा तो चेहरा मला आठवतो. काढणारा मी नव्हतो, पण बघूनही गप्प बसलो होतो.

अंबाडी
ती कोशिंबीर म्हणजे सोम तम असेल तर तिचंच बरं झालं 😄 कच्ची पपई, खलबत्त्यात लसूण-मिरची, दाण्याचं भरड कूट, लिंबू, ताडाचा गूळ. फिश सॉस वगळला तर आपल्या घरची वाटते. मी बाजारातून हिरवी पपई आणून करते, किसायची नाही, सुरीने बारीक तुकडे पाडायचे, नाहीतर पाणी सुटतं.

ताकपिठं
आले. पपई गरोदर बाईला देत नाहीत ना?

अंबाडी
आमच्या घरी तरी देत नाहीत.

भाऊ_माणदेशी
चाफेकळी ताई, तुमचे आबा उभे राहून वाढायला लागले तिथं थांबलो. माझे वडील असेच होते. लग्नात जेवायला बसायचे नाहीत, शेवटच्या पंगतीपर्यंत बुंदीचं ताट घेऊन फिरायचे. थाई काय असतं मला माहीत नाही, खाल्लं नाही. पण वाढणारा माणूस गेला की घर कसं होतं ते माहीत आहे.

चाफेकळी
भाऊ 🙏

दाण्याची_चटणी
आमचा अनुभव घाबरवणारा आहे, पण मुलं असलेल्यांनी वाचा. मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी. सेट मेन्यूत काय काय येणार हे आधी ठरलेलं, म्हणून मी साटेबरोबरची दाण्याची वाटी बाजूला ठेवायला सांगितली आणि निश्चिंत झाले. मसमन करीत दाणे असतात हे डोक्यातच आलं नाही. त्यात बटाटा, दालचिनी, वेलची, त्यामुळे चव अगदी ओळखीची लागते, आपल्या रश्श्यासारखी. दोन घास गेले आणि त्याचे ओठ सुजले. औषधाचं पेन पर्समध्ये होतं, लगेच टोचलं, ॲम्ब्युलन्स आली, निभावलं. तेव्हापासून प्रत्येक ताटलीचं नाव घेऊन विचारते. वाटून खाताना एकाचा चमचा दुसऱ्या भांड्यात जातो, हेही लक्षात ठेवा.

सिडनीकर_आई
बाप रे. काळजी घ्या गं. किती वर्षांचा आहे?

दाण्याची_चटणी
आता चौदा. स्वतःच विचारतो आता, माझ्याही आधी.

रताळं
विषय सोडून, पण पालकांच्या व्हिजिटर व्हिसाला हल्ली किती दिवस लागतात यूकेला? आईबाबांचा भरायचाय.

चाफेकळी
रताळं, सरकारी साइटवर बघा, आमचं फार जुनं झालं. फक्त आबांच्या वेळची एक चूक करू नका, ट्रॅव्हल इन्शुरन्स निघायच्या आठवड्यात काढायला गेलो आणि धावपळ झाली.

कुळिंजन
नावामुळे लिहावंच लागतंय. सूपमध्ये आल्यासारख्या दिसणाऱ्या कडक चकत्या असतात त्या चावू नका! ते कुळिंजन, वासापुरतं. गवती चहाचे तुकडे आणि लिंबाची जाड पानंही बाजूला काढायची. माझ्या काकांनी पहिल्यांदा सगळं चावून खाल्लं, कारण ताटात टाकायचं नाही ही शिस्त. काढा पितात तसं सूप संपवलं आणि म्हणाले, ‘खोकला गेला.’

ताकपिठं
😂😂 काका आवडले. आम्हीही गवती चहा चहातच घालतो, आमटीत घालायचं सुचलंच नाही.

एकटा_जीव_रेडिंग
मी उलट बाजूने लिहितो. सहा महिने झाले इथे येऊन. स्टेशनाजवळ एक थाई आहे, बाहेरच्या काचेवर सेट मेन्यू लावलाय, येता-जाता वाचतो. स्टार्टरचं मिक्स ताट, हिरवी करी, पद थाई, भाजी, भात, शेवटी आंबा आणि चिकट भात. एकट्याला देत नाहीत. एकदा आत गेलो, विचारलं, बाईंनी फार गोड नकार दिला, म्हणाल्या ताटल्याच दोघांच्या मापाच्या असतात. एक करी आणि भात खाऊन आलो. चव चांगली होती. पण त्या आंब्याच्या भाताचं मनात राहिलंय, आमच्याकडे नारळीपौर्णिमेला आजी नारळीभात करायची, फोटो तसाच दिसतो.

बँकॉकवासी
तसाच असतो बऱ्यापैकी. नारळाचं दूध, साखर, आणि वरच्या दुधात मीठ जरा जास्त. ते मीठच खरं. केशर-लवंग नाही. तांदूळ रात्री भिजवून वाफवतात, शिजवत नाहीत.

कुळिंजन
आंबेमोहोराने होईल का?

बँकॉकवासी
नाही होत, केलाय प्रयत्न. चिकट तांदूळच लागतो. वासाला आंबेमोहोर छान, पण धरत नाही.

चाफेकळी
एकटा_जीव, रेडिंग ते वॉटर्लू थेट गाडी आहे, पण ती विम्बल्डनला जात नाही. क्लॅपहॅम जंक्शनला गाडी बदल. शुक्रवारी ये. ह्यांना पथ्य लागलंय, मुलं दोन्ही बाहेरगावी, व्हेज सेटला मलाच दुसरी व्यक्ती नाहीये. मालक बदलले आहेत पण आंब्याचा भात आहे, फोन करून विचारलं आत्ताच. वयाने मला मावशी म्हणायला हरकत नाही.

एकटा_जीव_रेडिंग
मावशी, येतो. किती वाजता? पण व्हेजच घ्यायचा का, तुम्ही वेंगुर्ल्याच्या ना?

चाफेकळी
साडेसहा. व्हेजच. त्या दिवशी एकादशी आहे की नाही ते कॅलेंडर बघून सांगते, पण आबांची खूण आहे त्यावर, तोच घेऊ. सेट बी पुढच्या वेळी.

मिरचीचा_देठ
फोटो टाका दोघं!

अंबाडी
चाफेकळी, तुळस जगते का तुमच्याकडे हिवाळ्यात? माझी दर नोव्हेंबरला जाते. तीन वर्षं बी पेरतेय.

चाफेकळी
माझीही जायची. आता ऑक्टोबरमध्येच आत घेते, दक्षिणेच्या खिडकीत. पाणी आठवड्याला एकदाच, मंजिऱ्या खुडायच्या. आणि कुंडी रेडिएटरच्या वर ठेवू नकोस, मी पहिल्या वर्षी तेच केलं होतं.