चौदाव्या दिवसाची वाट बघू नका

"आयव्हीएफला (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराला) पैसे नसतील तर चाळिशीनंतर आशा सोडा" असं चाळिशीत दिवस राहण्याबद्दलच्या ह्या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, ते मला पटलं नाही. वयाने स्त्रीबीजांची संख्या आणि प्रत घटते हे खरंच आहे. पण त्रेचाळिशीच्या पुढे स्वतःच्या बीजांवर आयव्हीएफलाही यश कमीच येतं. दागिने मोडण्याआधी एवढं तरी डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाही. चाळिशीत पाळी बऱ्याचदा लवकर यायला लागते. माझी २८ वरून २४ दिवसांवर आली होती आणि आम्ही मात्र भिंतीवरच्या कालनिर्णयवर चौदाव्या दिवसाला पेन्सिलीने गोल करत अख्खं वर्ष घालवलं! बीज पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी सुटतं, म्हणजे पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलं तर माझं दहाव्या दिवसाच्या आसपास. मेडिकलमधून ओव्ह्युलेशनच्या पट्ट्या (बीज सुटायची वेळ लघवीवरून सांगणाऱ्या) आणल्या. नवव्या दिवशी सकाळी दुसरी रेघ गडद झाली, म्हणजे बीज आता सुटणार होतं, आणि मला बाथरूममध्येच रडू आलं. आता सहाव्या दिवसापासूनच दिवसाआड प्रयत्न करतो. ह्यांची वीर्यतपासणी आणि माझं थायरॉईड सरकारी रुग्णालयात झालं, फॉलिक ॲसिडही सुरू आहे. अजून दिवस गेलेले नाहीत, बेचाळिसावं चालू आहे. तपासण्यांना मात्र उशीर करू नका, त्या वर्षाची हळहळ मला अजून वाटते.